हरकतीचे सात दिवस

(सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्यांना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत पाहिलं असेल. मी त्यांना पारावर पाहिलं. नवा तलाठी म्हणून मी या गावच्या सज्जावर आलो, तेव्हा शाळा सुटली की गुरुजी पारावर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. वारसनोंदीचा, अडवलेल्या पाणंदीचा, रेशनकार्ड वेगळं करून घेण्याचा. अर्जदार आधी पोटातलं सगळं बोलून घ्यायचा. भावकी, जुनी भांडणं, कोण कोणाला काय म्हणालं ते. गुरुजी मध्ये तोंड घालायचे नाहीत. तो दमला की एवढंच विचारायचे, ‘बरं. आता सायबानं नेमकं करायचं काय?’

निम्मी माणसं इथे गप्प व्हायची. डोकं खाजवायची. आणि तिथून खरा अर्ज सुरू व्हायचा.

पुढे मी मंडळ अधिकारी झालो, लोकांच्या भाषेत ‘सर्कल’. निवृत्तही झालो. कचेरीत हजारो अर्ज वाचले, आणि गुरुजींचा तो प्रश्न ज्या अर्जात सुटलेला नाही तो अर्ज फायलीतच झोपतो, हे शेकडो वेळा पाहिलं. आज त्याच प्रश्नाच्या आधाराने एका विषयावर बोलणार आहे. विषय रुक्ष आहे, पण गेल्या वर्षी त्याने गावोगावचे पार तापवले होते. गट-गणांची रचना.

१४ जुलै २०२५ रोजी राज्यातल्या ३२ जिल्हा परिषदा आणि त्यांखालच्या ३३६ पंचायत समित्या यांच्या गट-गणांचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. हरकतींची मुदत २१ जुलैपर्यंत. सोमवार ते सोमवार. माझं मूळ गाव इथून लांब, नदीकाठी आहे. नाव सांगत नाही, कारण गावाला न आवडणारं थोडं बोलायचं आहे. तर त्या आठवड्यातल्या गुरुवारी गावातली सात-आठ मंडळी माझ्या दारात उभी राहिली. हातात तीन पानी निवेदन. ‘अण्णा, आपलं गाव तोडलं!’

झालं होतं असं. वर्षानुवर्षं आमचं गाव नदीच्या अलीकडच्या गणात होतं. बाजार त्याच बाजूला, दूध डेअरी त्याच बाजूला, सोयरीकही बहुतेक त्याच बाजूला. प्रारूपात ते उचलून नदीपलीकडच्या गणात टाकलं होतं. मधला फरशी पूल श्रावणात चार-चार दिवस पाण्याखाली असतो. निवेदनात हे सगळं होतं. शिवाय ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द सहा वेळा, ‘अन्याय’ नऊ वेळा आणि शेवटी मतदानावर बहिष्काराचा इशारा.

मी निवेदन वाचलं आणि गुरुजींचा प्रश्न विचारला. सायबानं करायचं काय? सरपंच म्हणाले, ‘आम्हाला परत जुन्या गणात टाकायचं, दुसरं काय?’

हे ‘दुसरं काय’ किती अवघड असतं ते समजायला गट-गणांच्या हद्दीची रेघ कशी पडते ते बघावं लागेल.

आपला जिल्हा परिषदेचा कायदा १९६१ चा. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींतून तो आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. एका जिल्हा परिषदेत कमीत कमी ५० आणि जास्तीत जास्त ७५ सदस्य. प्रत्येक सदस्याचा एक गट, आणि एका गटाच्या पोटात पंचायत समितीचे दोन गण. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि तिने एक तत्त्व घालून दिलं : एका जागेमागे असलेली लोकसंख्या शक्य तितकी सगळीकडे सारखी हवी. तुमच्या मताचं वजन शेजारच्या गावच्या मताइतकंच भरावं, एवढाच त्याचा अर्थ. तत्त्व चांगलं आहे, पण गावं काही तराजूत घालायला सोयीची, एकाच मापाची वसलेली नाहीत.

मग रचना करणारा काय करतो? जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या घेऊन तालुक्याच्या वाट्याला किती गट येतात ते काढतो. तालुक्याची सरासरी काढतो. दहा टक्के वर-खाली चालतं. मग नकाशावर उत्तरेकडून सुरुवात करतो, ईशान्येकडून पूर्वेला येतो, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत सरकत दक्षिणेला संपवतो. नदी, नाले, डोंगर, रस्ते पाहायचे, गावं एकमेकांना लागून हवीत, आणि ग्रामपंचायत फोडायची नाही. ही सगळी बंधनं एकदम पाळायची.

यातला ‘उत्तरेकडून’ हा शब्द लक्षात ठेवा. उत्तरेच्या टोकाला एखाद्या मोठ्या गावाची नगरपंचायत झाली, की ते ग्रामीण लोकसंख्येतून वजा होतं. गेल्या दशकात तालुक्याच्या कितीतरी गावांच्या नगरपंचायती झाल्या. मग तालुक्याच्या वाट्याचा एखादा गट कमी होतो, आणि उरलेल्या गटांची माळ नव्याने ओवावी लागते. वरचा एक मणी निघाला की खालचे सगळे सरकतात. आमचं गाव दक्षिणेला. आमच्या शिवारात काहीच बदललं नव्हतं, तरी रेघ हलली होती. ‘मुद्दाम केलंय’ असं गावाला वाटणं साहजिक होतं. कधी कधी ते खरंही असतं. पण तेच एकमेव कारण असतं असं नाही, आणि ‘मुद्दाम’ सिद्ध करण्यापेक्षा ‘चूक’ दाखवणं सोपं असतं.

आता आकडे. सोयीसाठी गोल केलेत. आमच्याकडे गणाची सरासरी १७,०००. म्हणजे १५,३०० ते १८,७०० यांत बसायला हवं. आमचं गाव २,६४०. आम्हाला जिथे परत जायचं होतं त्या गणात आमच्याशिवायच १७,९०० माणसं. आम्ही गेलो की २०,५४०. मर्यादेबाहेर. आणि ज्या गणातून निघायचं होतं त्याची लोकसंख्या १६,८००. आम्ही निघालो की उरतात १४,१६०. तीही मर्यादेबाहेर. थोडक्यात, ‘आम्हाला परत घ्या’ ही मागणी मान्य केली तर एक नव्हे, दोन गण बिघडत होते. बेरीज-वजाबाकी पुरी झाली तेव्हा ओसरीवर कोणी बोलेना.

एक पोरगा बारावीला होता. तो म्हणाला, ‘मग त्यांच्याकडलं एखादं गाव बदल्यात द्यावं लागंल.’

त्या पोराने गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. हरकत म्हणजे दुसरी रेघ सुचवणं. आणि दुसरी रेघ सुचवायची तर आपल्याऐवजी कोणी जायचं त्याचं नाव घ्यावं लागतं.

शुक्रवारी मंडळी जुन्या गणातल्या एका शेजारच्या गावात गेली. लोकसंख्या २,१००. नदीच्या वरच्या अंगाला, तिथे उंच पूल झालेला. त्या गावाला पलीकडचा बाजार जवळ. बऱ्याच वर्षांत दोन्ही गावांनी एकत्र बसून चहासुद्धा घेतला नव्हता, कारण बंधाऱ्याच्या पाण्यावरून जुनं भांडण. पण गणिताने त्यांना एका सतरंजीवर बसवलं. अदलाबदल केली तर एक गण १८,४४० होत होता, दुसरा १६,२६०. दोन्ही मर्यादेत. शनिवारी संध्याकाळी दोन्ही गावांच्या सह्यांची एक पानी हरकत तयार झाली. सोबत नकाशा, त्यावर लाल शाईची रेघ, आणि आकड्यांचा तक्ता. ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द एकदाही नाही.

पहिल्या निवेदनाबद्दलही बोललं पाहिजे, कारण तशीच निवेदनं गावोगावी लिहिली जातात. त्यामागे कोण असतं? आमच्याकडे मसुदा एका ‘इच्छुका’ने करून आणला होता. पाच वर्षं त्याने जुन्या गणात लग्नं-मयतं सांभाळली होती. रेघ हलली आणि त्याची सगळी पेरणी दुसऱ्याच्या शेतात गेली. त्याचं दुःख खरं होतं, मी त्याला हसत नाही. पण ते गावाचं दुःख होतं का, हे गावाने विचारायला हवं. आणि गावाचं म्हणून जे सांगितलं जात होतं त्यात अफवाही होत्या. ‘आता दाखल्याला पलीकडं जावं लागणार’, ‘दवाखाना पलीकडचा लागणार’. यातलं काहीच खरं नव्हतं. गट आणि गण मतदानापुरते. तलाठी सज्जा, पोलीस ठाणं, आरोग्य केंद्राचं क्षेत्र, शाळा, यांतलं एकही त्या रेघेने हलत नाही. हलतं ते एवढंच : आपण कोणाला मत देणार आणि शाळेच्या खोल्यांसाठी, रस्त्यासाठी कोणाच्या दारात जाणार. ते कमी महत्त्वाचं नाही. पण जेवढं आहे तेवढंच सांगावं.

दुसरी गोष्ट बहिष्काराची. बहिष्काराचा इशारा लिहायला एक ओळ पुरते आणि वर्तमानपत्रात छापूनही येतो. पण एखाद्या गावाने मत दिलं नाही म्हणून निवडणूक थांबत नाही. उरलेली गावं सदस्य निवडतात आणि पुढची पाच वर्षं तो सदस्य तुम्हाला विचारत नाही.

आणि आता कायद्याचा एक मुद्दा, जो प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवावा असं मला वाटतं. मतदारसंघ आखण्याच्या कायद्यांना न्यायालयात आव्हान देण्यावर राज्यघटनेनेच बंधन घातलं आहे. १९९५ साली उत्तर प्रदेशातल्या प्रधान संघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पंचायतींच्या हद्दींबाबत सांगितलं की अशा आखणीला आव्हान देता येणार नाही, अपवाद एवढाच की लोकांकडून हरकती मागवल्याच नाहीत, त्यांचं म्हणणं ऐकून घेतलंच नाही. २०२४ साली गुजरातेतल्या बारडोलीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की उघड मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर न्यायालयं अगदी हात बांधून बसणार नाहीत. पण ती दूरची वाट. गावासाठी सरळ दार एकच, हरकतीचं. ते सात दिवस उघडं असतं. त्यातले तीन आपण चिडण्यात घालवतो.

खरं तर गावाच्या चिडण्यालाही कारण होतं. बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्याच वर्षी कायदा बदलून सदस्यसंख्या ५५ ते ८५ केली, जूनमध्ये प्रारूप आराखडे आले, लोकांनी हरकती दिल्या, आणि ऑगस्टमध्ये सरकारने पुन्हा ५० ते ७५ केली. हरकती रद्दीत गेल्या. त्यानंतर आरक्षणाचा वाद न्यायालयात आणि कारभार प्रशासकाच्या हाती. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असं बजावलं, तेव्हा कुठे पुन्हा नकाशे पसरले. ते नकाशे कोणत्या लोकसंख्येवर? २०११ च्या. चौदा वर्षांपूर्वीच्या मोजणीवर. २०२१ ची जनगणना झालीच नाही. तेव्हा मोजलेली कितीतरी माणसं आज चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत आहेत. तीन वर्षांहून अधिक काळ ज्या खुर्चीवर कोणी बसलेलं नव्हतं, त्या खुर्चीच्या हद्दीसाठी लोक पावसात ट्रॅक्टर भरून जिल्ह्याला गेले. मी याला भाबडेपणा म्हणत नाही. आपलं मत कुठे मोजलं जातं याची माणसाला पर्वा आहे, याचा हा पुरावा आहे.

सुनावणीला ट्रॅक्टर भरून गेलेली मंडळी सायंकाळी परतली. निकाल पुढे लागला. हरकत अमान्य.

कारण एका ओळीत दिलं होतं. अदलाबदल केल्यास त्या शेजारच्या गावापलीकडचं एक छोटं गाव आपल्या गणापासून तुटून बेटासारखं एकटं पडतं, भौगोलिक सलगता राहत नाही. आम्ही नकाशा काढून पाहिला. खरंच होतं. सहाशे वस्तीचं ते गाव. दोन्ही गावांनी मिळून आपली सोय पाहिली होती, आणि त्या गावाकडे आमच्यातल्या कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं. ज्याला आम्ही ‘आमचं गाव तोडलं’ म्हणत होतो तेच आम्ही दुसऱ्याला करायला निघालो होतो. लाल शाईने.

इथे व्याख्यान संपवलं असतं तर बरं झालं असतं. पण निकालानंतर ग्रामसभा झाली, आणि तिथे जे घडलं त्यासाठी मी आजचा विषय घेतला.

सभेत निषेधाचा ठराव वाचला जात होता. मागे बायकांच्या बाजूला वस्तीवरच्या एक वहिनी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘अण्णा, तुमचं गाव तोडलं तर ट्रॅक्टर भरून माणसं गेली. आमची वस्ती मधून चिरली, तवा कुणी एक कागद तरी दिला व्हता का?’

सभा शांत झाली. कारण सगळ्यांना माहीत होतं. आमच्या ग्रामपंचायतीत नऊ सदस्य, तीन प्रभाग, प्रत्येकी तीन जागा. मागच्या प्रभागरचनेत दोन प्रभागांची हद्द अनुसूचित जातीच्या वस्तीच्या मधल्या बोळातून गेली होती. चारशेवीस माणसं. ती एका प्रभागात असती तर तिथल्या ८८० मध्ये जवळजवळ निम्मी झाली असती. दोन तुकडे झाले, आणि दोन्हीकडे ती पाव उरली. राखीव जागा गेली नाही, ती एक होती ती एकच राहिली. पण निवडून कोण येणार हे आता वस्ती ठरवत नव्हती. उमेदवार वस्तीचा, निवडणारे गावठाणाचे. गावठाणाला जो मवाळ वाटेल तो निवडून यायचा. मागासवर्गीयांच्या वस्त्या शक्यतो फोडू नयेत असं प्रभागरचनेच्या सूचनांतच असतं. प्रारूप चावडीवर लागलं होतं, हरकतीची मुदतही होती. गावातल्या एकाही शहाण्या माणसाने हरकत दिली नाही. मीही नाही. त्याहून वाईट गोष्ट सांगतो. तहसीलदार, सर्कल आणि तलाठी मिळून प्रभाग पाडतात. नोकरीत अशा समित्यांवर मी बसलो आहे. आकडे जुळवायला बोळ सोयीचा पडतो हे मला माहीत आहे, कारण अशा बोळांतून रेघा मीही मारल्या आहेत.

वहिनींचं बोलणं ऐकताना मला टस्कीगी आठवलं. आपल्या मराठी माणसाला हे नाव वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे ओळखीचं. अलाबामा राज्यातलं ते गाव. १९५७ साली तिथल्या विधिमंडळाने गावाची हद्द बदलली. आधी ती चौकोनी होती, नवी झाली अठ्ठावीस बाजूंची. त्या वेड्यावाकड्या रेघेने सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच वगळता सगळे गावाबाहेर गेले, गोरा एकही गेला नाही. लोकांनी काय केलं? गोऱ्या व्यापाऱ्यांच्या दुकानांतून खरेदी बंद केली, आणि त्याच वेळी न्यायालयात गेले. पुढे होते चार्ल्स गोमिलियन. टस्कीगीच्याच संस्थेत समाजशास्त्र शिकवणारे शिक्षक. १९६० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि निकालपत्राला तो नकाशाच जोडला. जुना चौकोन आणि त्यातला नवा अठ्ठावीस कोनांचा आकार. पाहणाऱ्याला एवढंच पुरत होतं. तिथेही मास्तरच होते, आणि तिथेही बहिष्कार एकटा नव्हता, त्याच्या जोडीला नकाशा होता.

आमची वस्ती म्हणजे टस्कीगी नव्हे. तिथे हेतू होता, आमच्याकडे बहुधा आळस होता. पण ज्याच्या घरासमोरून रेघ जाते त्याला हेतू आणि आळस यांतला फरक कसा कळावा?

त्या ग्रामसभेत निषेधाचा ठराव बारगळला. त्याऐवजी दुसरा ठराव झाला. पुढच्या प्रभागरचनेचं प्रारूप आलं की त्याचा मोठा नकाशा शाळेच्या भिंतीवर लावायचा, आणि मुदतीच्या आत ग्रामसभा घेऊन वस्त्या-वाड्यांना आधी बोलू द्यायचं. ठराव एकमताने झाला असं इतिवृत्तात आहे. प्रत्यक्षात दोघे-तिघे उठून गेले होते.

आता जनगणना तोंडावर आहे, १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख ठरली आहे. नवे आकडे आले की सगळ्या रेघा पुन्हा हलणार. गट, गण, प्रभाग, आणि वरचे मतदारसंघही. तुमच्याही गावात कोणीतरी पारावर येऊन म्हणेल, ‘आपलं गाव तोडलं.’ त्या वेळी गुरुजी नसतील.

म्हणून वहिनींच्या कागदाचं सांगतो आणि थांबतो. ग्रामसभेनंतर चार दिवसांनी त्या बारावीच्या पोराला घेऊन माझ्याकडे आल्या. त्याने वस्तीचा नजरी नकाशा काढला होता, घरं मोजली होती. मी विचारलं, ‘वहिनी, सायबानं नेमकं करायचं काय?’ क्षणभरही न थांबता म्हणाल्या, ‘बोळातली रेघ उचलायची आन् वढ्यावर न्यायची. वढ्याच्या अलीकडं आम्ही समदी एक.’

त्या एका वाक्यावर हरकत लिहून झाली. खाली तक्ता, सोबत नकाशा. एक प्रत माझ्याकडे, एक त्यांच्याकडे, पोच घ्यायला तिसरी. मुदत अजून उघडलेली नाही, म्हणून तारखेची जागा तेवढी कोरी ठेवली आहे.